गोठ्यात कोकरं येतात तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

मेंढी लागल्यापासून विण्यापर्यंत साधारण 147 दिवस धरायचे, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. नर कळपात कधी सोडला ते लिहून ठेवलं असेल तर तयारीला वेळ मिळतो, नसेल तर महिनाभर झोपेचं खोबरं. आमच्याकडे यंदाचा हंगाम आता संपत आलाय. ज्यांच्याकडे मोजक्याच मेंढ्या आहेत, प्रत्येकीचा चेहरा, खोड आणि तिची आईसुद्धा ओळखीची आहे, अशांसाठी हा धागा काढतेय. जगलेल्यांचं लिहा, गेलेल्यांचंही लिहा. गेलेल्या कोकराबद्दल बोलायला घरात फारसं कुणी नसतं. 'जनावरच ते' म्हणून विषय मिटतो आणि आपण दिवसभर गप्प राहून कामं करत राहतो.

माझ्यापासून सुरुवात करते. आमची एक पहिलारू संध्याकाळपासून कळपातून बाजूला झाली होती. पायाने जमीन उकरायची, बसायची, उठायची, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची. रात्री पाणमोट फुटली आणि थोड्या वेळात एक कोकरू बाहेर आलं, पण हलेना. नाकातोंडावरचा चिकट पदार्थ पुसला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, कोरड्या गोणपाटाने बरगड्या खसखसून चोळल्या. मनात धरूनच चालले होते की हे गेलं. आणि ते शिंकलं! एवढीशी शिंक, पण त्यानंतर मेंढीने घशातल्या घशात जो घुमल्यासारखा आवाज काढला, तो इतर वेळी तिच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. हा आवाज खास नवजात पिल्लासाठीच असतो. पहिलारू असूनही तिला तो कुणी शिकवावा लागला नाही. मी तिथेच शेणामातीत बसून रडले.

*

शिंक वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव अडलेल्या मेंढीचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण असं कोणाच्याही गोठ्यात होऊ शकतं.

कोकरू सरळ असलं की आधी पुढचे दोन खूर दिसतात आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. हे दिसलं की हात खिशात ठेवावेत, मेंढी स्वतःचं स्वतः करते. माझ्या मेंढीचं नुसतं मुंडकं बाहेर आलं होतं, दोन्ही पाय आत मागे दुमडलेले. मानेभोवती आवळल्यामुळे तोंड सुजून दुप्पट झालेलं, जीभ निळी आणि बाहेर लोंबती. बघणारा कुणीही म्हणेल की मेलं. वडिलांनी पापणीला बोट लावलं, ती किंचित हलली.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना पोचायला वेळ लागणार होता, म्हणून ते फोनवरूनच सांगत गेले. नखं कापलेली, हात स्वच्छ धुतलेले, कोपरापर्यंत हातमोजे आणि भरपूर वंगण. मेंढीचा मागचा भाग उंच केला. कळ ओसरली की डोकं हळूहळू आत ढकलायचं आणि कळ आली की थांबायचं. तिच्या जोराविरुद्ध आपला जोर लावला तर गर्भाशय फाटू शकतं. आत जागा झाली तेव्हा एक पाय बोटाला लागला. खूर मुठीत झाकून घ्यायचा, म्हणजे आत कुठे ओरखडा येत नाही, आणि मग तो पुढे आणायचा. दुसरा पाय काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, एका पायावरही निघतं बऱ्याचदा, ओढा, पण मेंढीच्या घोट्यांच्या दिशेने खाली ओढा, सरळ मागे नको.

निघालं. सुजलेल्या जिभेमुळे त्याला चोखता येईना, म्हणून आईचा चीक काढून नळीने पोटात दिला. दुसऱ्या दिवशी सूज उतरली आणि ते स्वतः सडाला लागलं. पिताना शेपूट अशी थरथरत होती की वडील कितीतरी वेळ कुंपणाला टेकून तेच बघत राहिले.

तासभर कळा देऊन काहीच पुढे सरकत नसेल तर आणखी वाट बघू नये, एवढं मात्र डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलंय.

*

माझी गेली. मेंढी आणि पोटातली तिन्ही.

विण्याच्या थोडं आधी तिने खाणं सोडलं. बाकीच्या गव्हाणीकडे धावल्या तरी ही कोपऱ्यात मान वर करून उभी. मग डोळ्यांना दिसेनासं झाल्यासारखी भिंतीला धडकायला लागली. तोंडाला गोडसर वास येत होता. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, तोंडाने औषध दिलं, पण ती उठली नाही. मुलीने तिला लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. यापेक्षा जास्त आत्ता लिहवत नाही.

*

वरच्या ताईंना, तुमच्या मुलीलाही, मनापासून सांगते की फार वाईट वाटलं. आमच्याकडेही हाच आजार होऊन गेलाय, म्हणून इतरांच्या उपयोगासाठी लिहिते. याला गर्भविषबाधा म्हणतात. पोटातल्या कोकराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. जुळी-तिळी असली की त्याच काळात ती आईचं पोट आतून दाबतात, तिला लागेल तेवढा चारा पोटात मावत नाही. मग शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची द्रव्यं साठतात, तोंडाचा गोड वास त्याचाच. फार लठ्ठ मेंढीलाही होतो आणि फार रोड मेंढीलाही.

आता आम्ही शेवटच्या दीड-दोन महिन्यांत खुराक हळूहळू वाढवतो आणि दिवसातून दोनदा विभागून देतो. पाठीच्या कण्यावर बोटं फिरवून अंगावर मांस किती आहे ते बघत राहतो, कारण लोकर डोळ्यांना फसवते. एखादी गव्हाणीवर मागे राहिली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. प्रॉपिलीन ग्लायकॉल (झटपट ऊर्जा देणारं पातळ औषध) लवकर पाजलं तर वाचण्याची आशा असते, आडवी पडल्यावर फारच थोड्या उठतात. आणि ताई, तिळी पोटात असलेली मेंढी सगळी काळजी घेऊनही जाते. हे मी स्वतः पाहिलंय.

*

गारठलेल्या कोकराबद्दल सांगतो. पहाटे पावसात जन्मलेलं, अंग ताठ, तोंडात बोट घातलं तर आत गार. निरोगी कोकराचं तापमान 39 ते 40 अंश सेल्सिअस असतं. या पठ्ठ्याचं 37च्याही खाली. आमच्याकडे सगळ्यांची पहिली धाव चुलीकडे किंवा हीटरकडे असते. पण इथे वय बघावं लागतं. जन्मून पाच तास व्हायच्या आत असेल तर अंगातली मूळची चरबी अजून शिल्लक असते. त्याला कोरडं करून लगेच ऊब द्यायची. त्याहून मोठं असेल आणि मान धरत नसेल, तर साखर संपलेली असते. अशा वेळी आधी ग्लुकोज आणि मग ऊब, हा क्रम उलटला तर ऊब मिळत असतानाच झटके येऊन मरतं. ते ग्लुकोज पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने देतात. माझ्या बायकोने डॉक्टरांकडून ते प्रत्यक्ष शिकून घेतलंय, न शिकता करू नये. मान धरत नसलेल्या कोकराला तोंडाने किंवा नळीने दूधही देऊ नये, फुप्फुसात जातं.

हे कोकरू दुपारी खोक्यातून उडी मारून बाहेर आलं आणि स्वयंपाकघरभर लेंड्या टाकत हिंडलं. बायकोने एका शब्दाने तक्रार केली नाही!

*

चिकाबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून प्रतिपिंडं मिळतात. कोकराला तशी मिळत नाहीत, मेंढीची वार ती पुढे जाऊ देत नाही. म्हणून ते जन्मतं तेव्हा कुठल्याच रोगाविरुद्ध त्याच्याकडे काही नसतं, जे काही मिळायचं ते चिकातून. त्यातही आतडं ती प्रतिपिंडं पहिल्या काही तासांतच नीट शोषतं, दिवसभरानंतर जवळपास नाहीच. वजनाच्या दर किलोला एका वेळी 50 मिलि आणि पहिल्या 24 तासांत सुमारे 200 मिलि, असा हिशोब धरतात. मेंढी व्याली की मी आधी दोन्ही सड पिळून बघते. टोकाला मेणासारखा खडा अडकलेला असतो, तो निघाल्याशिवाय कोकरू नुसतंच चोखत राहतं. मग नाळ आयोडिनमध्ये बुडवायची. जिचं एकच कोकरू आहे आणि चीक भरपूर आहे, तिचा थोडा काढून मी फ्रीझरमध्ये ठेवते. तो गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. उकळला की प्रतिपिंडं गेली.

*

दत्तक दिलेल्या कोकराचं सांगायचं होतं. लिहू की नको असं वाटत होतं, कारण वाचायला कठीण आहे.

आमच्या दुसऱ्या वेताच्या मेंढीचं एकुलतं कोकरू मेलेलंच जन्मलं. पूर्ण वाढलेलं, लोकर कुरळी, कुठे काही व्यंग नाही. ती त्याला चाटतच राहिली. मध्येच पायाने हलकेच ढोसायची, उठ म्हणून. कितीतरी वेळ हे चाललं आणि आम्हाला ते तिच्यापुढून उचलवेना. त्याच सुमारास दुसरीला तिळी झाली होती आणि तिसऱ्याला दूध पुरत नव्हतं.

मेंढी आपलं पिल्लू वासावर ओळखते. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत तो वास तिच्या डोक्यात पक्का होतो आणि मग परकं कोकरू जवळ आलं तर ती टक्कर मारून उडवते. म्हणून सासऱ्यांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोलून काढलं आणि त्याचा अंगरखा तिसऱ्या कोकराला चढवला. पायांना भोकं, शेपटाकडचा भाग नीट बसवलेला, कारण पिताना आई तिथेच हुंगते. मी तेव्हा आत जाऊन बसले होते. मला ते सहनच होत नव्हतं.

नंतर सासऱ्यांनी हाक मारली म्हणून गेले. तिने हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. कोकरू सरळ कासेत घुसलं. एकदा तिने पाय आपटला. मग तोच तो घुमणारा आवाज, पहिल्या अनुभवात लिहिलाय तो. सासरे फार बोलणारे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "पान्हावली." दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं, तोवर कोकराच्या अंगाला तिच्याच दुधाचा वास लागला होता.

मला आजही ठरवता येत नाही की आम्ही तिला फसवलं की तिचं दुःख हलकं केलं. कोकरू मात्र वाढलं आणि ती त्याच्यावाचून राहत नव्हती.

*

एका हंगामात मी दिवस गेलेली होते. हे कुणी आधी सांगितलं नसतं तर मी नेहमीसारखी गोठ्यात उतरलेच असते, म्हणून इथे ठळकपणे लिहिते. गरोदर बाईने व्यालेल्या मेंढीजवळ, वारेजवळ, ओल्या कोकराजवळ जाऊ नये. घरच्यांचे त्या कामातले कपडे आणि बूटसुद्धा हाताळू नयेत. मेंढीचा गर्भ पाडणारे काही जंतू, क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, माणसाचाही गर्भ पाडू शकतात. त्याच वर्षी आमच्या दोन मेंढ्या पाठोपाठ गाभडल्या. नवऱ्याने हातमोजे घालून सगळं उचललं, नमुने तपासायला पाठवले, त्या दोघींना वेगळं बांधलं. मी खिडकीतून बघत होते. आवाजावरून कोणती व्यायला बसली ते कळायचं आणि जाता यायचं नाही. बाळंतपण सुखरूप झालं, पण तेवढा एक हंगाम माझ्या हातून गेल्याची रुखरुख आहेच.

*

सगळं वाचून डोळे ओले झालेत, म्हणून थोडं आनंदाचंही. कोकरं दोन-तीन आठवड्यांची झाली की ऊन उतरताना त्यांची टोळी जमते. आया चरत असतात आणि ही कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत सुटतात. मध्येच चारी पाय एकदम उचलून हवेत, मग सगळी थबकतात, आणि कुणीतरी एक पुन्हा सुटतं. माझ्या आईला आता फार चालवत नाही. तिची खुर्ची त्या वेळी बाहेर काढावीच लागते, एक दिवस उशीर झाला तर ओरडते. लंगडणारं, मागे पडणारं कोकरूही सगळ्यात आधी तिलाच दिसतं. सांधे सुजलेलं एक तिने असंच ओळखलं होतं, उपचार लवकर सुरू झाले म्हणून वाचलं.

*

धागा काढणारी पुन्हा. एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. गर्भविषबाधेने मेंढी गेलेल्या ताई, तुमच्या मुलीला वाटलं तर तिलाही इथे लिहू द्या, तिच्या शब्दांत, कितीही लहान असलं तरी चालेल.

आणि ताजी बातमी. शिंकलेलं ते कोकरू मादी होतं, ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. आज पहाटे तिला जुळी झाली, तिचं हे दुसरं वेत. मदत लागली नाही, वारही वेळेत पडली. दोघींनी चीक प्यायलाय. धाकटी अंगाने बरीच लहान आहे आणि मोठी तिला सडावरून ढकलतेय, म्हणून संध्याकाळी वजन करून बघणार आहे. पोट रिकामं लागलं तर फ्रीझरमधला चीक काढून ठेवलाय.