बास्केटबॉलमध्ये लो पोस्टला (रिंगजवळ, बेसलाइनच्या बाजूला) बॉल मिळतो, पण शॉट ब्लॉक होतो. काय बदलावं?

नेरुळ_सेंटर: अंडर-१७ साठी खेळतो, उंची १८५ सेंमी. पाठीवर डिफेन्डर घेऊन बॉल घेतो, वळतो, आणि माझ्याहून उंच मुलं शॉट अडवतात. एनबीएच्या शॅकचा (शकील ओ'नील) ड्रॉप स्टेप, म्हणजे एक पाय डिफेन्डरच्या मागे टाकून वळणं, जमतच नाही, बऱ्याचदा ट्रॅव्हल (बॉल हातात असताना पाय चुकीचा उचलल्याचा दोष) जातो. सराव वाशीत, बाहेरच्या सिमेंट कोर्टवर.

पिव्होटवाला: बॉल घेताना दोन्ही पाय एकदम टेकव, म्हणजे कुठलाही पाय पिव्होट (जागेवर रोवून ज्यावर वळतो तो पाय) करता येतो. मग वळायची घाई नको. डिफेन्डरचं वजन कुठल्या खांद्यावर येतंय ते आधी पाठीने ओळख. तो मधल्या बाजूला असेल तर बेसलाइनकडचा (रिंगमागच्या सीमारेषेकडचा) पाय त्याच्या पायामागे टाक, बोटं रिंगकडे. पाऊल पडतानाच दोन्ही हातांनी एक जोरदार ड्रिबल, तोही दोन पायांच्या मध्ये. बॉल हातातून सुटायच्या आत पिव्होट उचलला की ट्रॅव्हल; तुझं बहुतेक इथेच चुकतंय. पाऊल बेसलाइनला समांतर पडलं तर थेट बोर्डखाली जाशील आणि शॉटला कोनच उरणार नाही. शेवटी दोन्ही पायांवर उडी आणि बॉल बोर्डवर. एका पायावर उडालास तर धक्क्याने बाहेर फेकला जाशील.

ठाणे_बेसलाइन: वरचं सगळं बरोबर, पण ब्लॉक थांबवायला फेक (शॉटची खोटी हुलकावणी) लागतो. एनबीएतल्या केव्हिन मॅकहेलचा अप अँड अंडर बघ: बॉल कपाळापर्यंत नेऊन शॉट दाखवायचा, गुडघे वाकलेलेच ठेवायचे, समोरचा उडाला की त्याच्या बगलेखालून पाऊल पुढे. इथे पिव्होट उचलला तरी चालतो, फक्त तो परत टेकायच्या आत शॉट सुटला पाहिजे. तिथून ड्रिबल मात्र करता येत नाही. आणि उंचीचं इतकं मनावर घेऊ नकोस रे. एड्रियन डँटली ६ फूट ५ इंचाचा, तरी १९८०-८१ आणि १९८३-८४ मध्ये एनबीएत सरासरी गुणांत पहिला होता. त्याची मोठी कमाई फेकवर फाऊल काढून फ्री थ्रोवर होती. शॅकचे फ्री थ्रो ५२.७ टक्के, म्हणून समोरचे त्याला मुद्दाम फाऊल करायचे. रोजचे फ्री थ्रो सोडू नकोस.

पिव्होटवाला: कोर्टही तपासून घे. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) २०१० पासून पेंट (रिंगसमोरचा आखलेला भाग) ४.९ मीटर रुंद आयताकृती केला. जुन्या उतरत्या (बेसलाइनकडे तिरक्या पसरणाऱ्या) रेषा असतील तर बेसलाइनवर तोच ६ मीटर भरतो. त्या रेषेला चिकटून उभं राहायची सवय लागली की मॅचमध्ये रिंगपासून जास्त लांब बॉल घेशील, आणि ड्रॉप स्टेप तेवढाच कमी पडेल. रिंगच्या मध्याखालून बाजूला, बेसलाइनला समांतर, टेपने २.४५ मीटर मोजून खडूने खूण कर.

नेरुळ_सेंटर: रेषा उतरत्याच आहेत! उद्याच मोजतो. डावा हात फारच कच्चा आहे, त्याला काय करू?

ठाणे_बेसलाइन: मायकन ड्रिल, म्हणजे रिंगखाली आळीपाळीने दोन्ही हातांनी बास्केट. उजव्या हाताने शॉट, उडी डाव्या पायावर. मग डाव्या हाताने, उजव्या पायावर. नेटमधून येणारा बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही, खाली आला की गार्ड तो हिसकावतो. दोन्ही हातांनी दहा-दहा बास्केट झाल्याशिवाय थांबू नकोस. शेवाळं धरलेल्या कोर्टवर ड्रॉप स्टेप करू नकोस, पाय घसरून जांघेचा स्नायू ताणला जाऊ शकतो. त्या दिवशी जागेवर उभं राहून नुसता डावा हात कर.