वाचनालयाच्या चित्रमंडळासाठी स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट सुचवा

कृष्णाकाठ
आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक चित्रपट दाखवायचा आणि मग त्यावर बोलायचं, असं ठरलंय. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक जास्त, थोडी कॉलेजची मुलं. गाजलेले मोठे चित्रपट सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून स्वतंत्रपणे काढलेले कथापट आणि माहितीपट हवेत. मराठी असतील तर उत्तमच, पण अट नाही. अडचण माहितीपटांची आहे. नाव काढलं की आमच्या मंडळींना थिएटरात चित्रपटाआधी लागणारी सरकारी रिळं आठवतात. नुसती नावं देऊ नका, काय भावलं तेही दोन ओळींत लिहा.

रीळवेडा
कथापट एका महिन्यात आणि माहितीपट भलत्याच महिन्यात, असं करू नका. लागोपाठच्या महिन्यांत जोडीने दाखवा. एकामुळे दुसरा उलगडतो.

माझी पहिली जोडी 'कोर्ट' आणि 'जय भीम कॉम्रेड'.

'कोर्ट' (२०१४, चैतन्य ताम्हाणे): एका शाहिराचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. खटला रखडतो, पण चित्रपट कुठेही रखडत नाही. कामकाज संपल्यावरही कॅमेरा माणसांबरोबर त्यांच्या घरी जातो, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी, अप्रतिम) लोकलमध्ये बोलत घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीला घरच्यांबरोबर नाटक बघतात. त्या नाटकात परप्रांतीयांवर केलेल्या विनोदांना सगळं प्रेक्षागृह हसतं. बाई आपल्या नात्यातल्याच वाटू लागतात आणि त्यानेच फार अस्वस्थ व्हायला होतं. शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले. २०२१ मध्ये कोविडने गेले. चित्रपटातली शाहिरी संभाजी भगत यांची.

'जय भीम कॉम्रेड' (२०११, आनंद पटवर्धन): ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, संतापून जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, १० जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरे याआधी पटवर्धनांच्याच 'हमारा शहर'मध्ये गायले होते, त्यामुळे त्यांच्या मृत्यूमागचा हा शोध परक्याचा राहत नाही. चित्रीकरण १४ वर्षं चाललं. सगळा चित्रपट गाण्यांनी पुढे नेलाय. 'कोर्ट'मधलं गाणं कुठून आलं, ते इथे कळतं.

दुसरी जोडी 'द डिसायपल' (२०२०, ताम्हाणेच) आणि 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२, शिवेंद्र सिंह डुंगरपूर). पहिल्यात आयुष्य गाण्याला वाहूनही आपण मोठे गायक होणार नाही, हे हळूहळू उमगत जाणारा शिष्य. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटरसायकल संथ चाललीय आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं, ते प्रसंग मोठ्या पडद्यावरच पाहावेत. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे. दुसरा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावर. फाळक्यांची जी रिळं आज आपण पाहू शकतो, ती या माणसाच्या हट्टामुळे. थोडा लांबलाय, पण नायर बोलत असले की ऐकत राहावंसं वाटतं.

वऱ्हाडची_लेक
'स्थळ' (२०२३, जयंत सोमलकर) घ्याच! चंद्रपूरकडचं गाव, पडद्यावर बहुतेक गावातलीच माणसं. सविताला पाहायला मंडळी येतात, पाट मांडतात, नाव, उंची, शिक्षण, तेच ते प्रश्न. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच. सुरुवातीला स्वप्नात हे सगळं उलटं होतं, मुलगा बसलाय आणि बायका प्रश्न विचारताहेत. ही पुनरावृत्ती मुद्दाम केलेली आहे, तिला कंटाळू नका. आमच्याकडे असंच चालतं, बोलीसकट. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात याला नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार मिळाला.

रीळवेडा
@वऱ्हाडची_लेक, शंभर टक्के. सविताचे वडील कापूस पिकवतात आणि कापसाच्या चांगल्या दरासाठी अडून बसतात, तो धागा मला लग्नाइतकाच महत्त्वाचा वाटला. म्हणून याच्या जोडीला 'नीरोज गेस्ट्स' (२००९, दीपा भाटिया). पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांत जातात आणि मग शहरातल्या श्रोत्यांसमोर त्याबद्दल बोलतात. तासाभराचाही नाही. बघून झाल्यावर लगेच चर्चा सुरू करू नका, लोकांना पाच मिनिटं द्या.

सांजवात
'साबर बोंडं' (२०२५, रोहन कानवडे) राहिला की. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या शांतपणे आणि आपल्याच घरातल्यासारखं मराठीत मी आधी पाहिलं नव्हतं. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे गावाचे आवाज नीट ऐकू येतात. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला आहे. शिक्षक मंडळींना चालेल का, असं मनात आलं तरी दाखवा. त्यातली आई त्यांना जिंकेल.

नाशिककर
माहितीपटांची धास्ती घालवायची तर सुरुवात 'सुपरमेन ऑफ मालेगाव'ने (फैजा अहमद खान) करा. यंत्रमागांच्या गावातली माणसं सुट्टीच्या दिवशी सुपरमॅनवर स्वतःचा चित्रपट बनवतात. नायक शफीक हडकुळा, मागावर काम करणारा. लोक पोट धरून हसतील, आणि शफीकला पुढे कर्करोगाने नेलं हे कळल्यावर गप्प होतील. त्यांच्यावरच बेतलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' नंतर दाखवता येईल, पण तो मोठ्या निर्मितीचा आहे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मालेगावपासून सुरुवात, मग 'स्थळ', मग 'नीरोज गेस्ट्स'. 'जय भीम कॉम्रेड' फार लांब आहे, दोन रविवारी दाखवला तर चालेल का? आणि ओटीटीवरून थेट प्रोजेक्टरला जोडता येतं ना?

रीळवेडा
दोन रविवारी नको, गाण्यांची चढण तुटते. दुपारी तीनला सुरू करा, मध्ये चहा ठेवा. ओटीटीची वर्गणी घरी पाहण्यापुरती असते, सार्वजनिक खेळासाठी निर्मात्याची परवानगी लागते. माहितीपट काढणाऱ्यांना पत्र लिहा, वाचनालय म्हटल्यावर बरेच जण आनंदाने देतात, काही जण चर्चेलाही येतात. मराठी उपशीर्षकांचंही त्याच पत्रात विचारा.