मदत हवी आहे: ट्रामाडॉलच्या दुष्परिणामांच्या नोंदी वाढताना दिसतात, बाबांची गोळी बंद करावी का?

नमस्कार. औषधशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. मणक्याच्या दुखण्यासाठी चार महिन्यांपासून ट्रामाडॉल घेतात. परवा रात्री मी अमेरिकेच्या एफडीएचा (औषध नियामक संस्थेचा) 'फेअर्स' डॅशबोर्ड उघडला. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तिथे कोणालाही पाहता येतात. ट्रामाडॉल ज्यात मोडतं त्या ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामक) गटातल्या औषधांचे वर्षवार स्तंभ मध्येच एकदम उंच झालेले, आणि खाली अवलंबित्व, अतिसेवन, मृत्यू असे शब्द. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. ही औषधं पूर्वीपेक्षा घातक ठरू लागली आहेत का?

बाबांना दुसऱ्या डॉक्टरांनी नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन दिलंय. मध्ये ट्रामाडॉलची मात्रा वाढवली, तरी दुखणं फारसं हटलं नाही. पोट साफ होत नाही, पण ते किरकोळ वाटलं. आठवडाभर हात थरथरतात आणि घाम येतो, ते वयामुळे असेल.

प्रतिसाद १

मी औषधसुरक्षेच्या कामात आहे. आधी तुमची शेवटची ओळ, कारण ती मला त्या स्तंभांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. ट्रामाडॉल आणि पॅरॉक्सेटीन दोन्ही सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा परिणाम वाढवतात. थरथर आणि घाम त्यामुळे असू शकतात. आजच डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही औषधांची नावं सांगा. ताप, गोंधळल्यासारखं बोलणं, अंग ताठरणं किंवा आकडी दिसली तर फोनचीही वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.

दुखणं न हटण्याचं कारणही इथेच असू शकतं. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम ट्रामाडॉलचं जास्त प्रभावी वेदनाशामक घटकात रूपांतर करतं, आणि पॅरॉक्सेटीन नेमकं त्यालाच अडवतं. पण स्वतःच्या मनाने दोन्हीपैकी एकही गोळी बंद करू नका. ओपिऑइड अचानक तोडल्याने होणाऱ्या गंभीर त्रासाबद्दल एफडीएने २०१९ मध्ये इशारा दिला आहे.

आता स्तंभ. प्रत्येक नोंद हा एक संशय असतो, सिद्ध झालेलं कारण नव्हे. औषध एकूण किती जणांनी घेतलं हा आकडा तिथे नसतोच, त्यामुळे धोक्याचं प्रमाण काढता येत नाही. एकाच घटनेची नोंद रुग्ण, डॉक्टर आणि कंपनी अशी तिघांकडून येऊ शकते. औषध बातम्यांत किंवा कोर्टात गाजलं की नोंदींचा ओघ वाढतो. स्तंभ नोंद मिळाल्याच्या वर्षाचा असतो, घटना बरीच जुनी असू शकते.

उलट, संख्या कमी म्हणजे काळजी नाही असंही नाही. मुलांमध्ये ट्रामाडॉलमुळे श्वासाच्या गंभीर त्रासाची एफडीएला जानेवारी १९६९ ते मार्च २०१६ या काळात फक्त ९ प्रकरणं सापडली, त्यात ३ मृत्यू. याच गटातल्या कोडीनची मे २०१५ पर्यंत ६४, त्यात २४ मृत्यू. तरी २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही निषिद्ध ठरली. शरीरात नेमकं काय घडतं हे कळलं की थोड्या नोंदीही पुरतात.

आणि बद्धकोष्ठता किरकोळ समजू नका. ती इतकी नेहमीची की बहुतेक जण नोंदवतच नाहीत. मळमळ, गुंगी यांना शरीर बरंचसं सरावतं, हिला सहसा नाही. डॉक्टरांना तेही सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार. फोन केला, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन तासाभरात बोलावलंय. बाबांचा त्रास मला नोंदवता येईल का? आणि नाव एकाच औषधाचं द्यायचं की दोन्ही?

प्रतिसाद २

बऱ्याच देशांत रुग्ण किंवा घरचे थेट नोंद करू शकतात. दोन्ही नावं लिहा. कोणतं कधी सुरू झालं, मात्रा कधी वाढली, थरथर कधी दिसली, सगळं तारखेसह. आता मात्र आधी निघा.