मिडल स्कूलमध्ये स्पॅनिश घेताना पहिल्या वर्षी नेमकं काय असतं?

सातवीची_आई: मुलीने सातवीसाठी स्पॅनिश निवडलंय. घरी मराठी आणि इंग्रजी, स्पॅनिशचा कोणालाच गंध नाही. वर्षभरात किती शिकवतात? बाई वर्गात स्पॅनिशच बोलणार म्हणे, मग पोरांना कळतं कसं? आणि घरून मदत काय करायची?

फळा_खडू: पहिले काही आठवडे सोपे जातात: ओळख, आकडे, वार-महिने, वर्गातल्या वस्तू, घरची माणसं. इथे सगळ्यांनाच चांगले मार्क पडतात आणि मुलं गाफील राहतात. मग क्रियापदं येतात. मूळ रूप आर, एर किंवा ईर यांपैकी एकाने संपतं आणि वर्तमानकाळात प्रत्येकाची सहा रूपं होतात. 'बोलणे' म्हणजे आब्लार. त्याचं आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान. सहावं रूप, 'तुम्ही सगळे'चं, मुख्यतः स्पेनमध्ये चालतं, म्हणून बरेच शिक्षक ते नुसतं दाखवून सोडतात. घसरण होते ती इथेच. शब्द पाठ असतात, शेवट चुकतो.

वर्षअखेर साधारण एवढं यावं: स्वतःबद्दल पाच-सात वाक्यं, आवडीनिवडी, वेळापत्रक, 'मी अमुक करणार आहे' असा सोपा भविष्यकाळ. भूतकाळ बहुधा पुढच्या वर्षी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हायस्कूलचा 'स्पॅनिश वन' सातवी-आठवीत विभागून शिकवतात. त्याचं क्रेडिट मिळतं का आणि ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) जाते का, हे आत्ताच शाळेला विचारून घ्या.

वर्गात स्पॅनिशच बोलण्याचं म्हणाल तर ॲक्टफल ही तिथली भाषाशिक्षकांची संघटना वर्गातला ९० टक्के किंवा जास्त वेळ शिकायच्या भाषेतच जावा असं सुचवते. हावभाव, चित्रं आणि तीच ती वाक्यं यांवर मुलं तरून जातात. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट धरणारी हुशार मुलंच जास्त वैतागतात. तिला एवढंच सांगा की सूचना कळली तरी पुरे.

अनुस्वार: मराठी घरातल्या मुलांना इथे आयता फायदा आहे, तो वापरा. 'मला पुस्तक आवडतं' हे स्पॅनिशमध्ये जवळजवळ याच घडणीचं आहे: मे गुस्ता एल लीब्रो. पुस्तकं अनेक झाली की 'आवडतात', तसंच गुस्तान. इंग्रजीतून विचार करणारं मूल 'यो गुस्तो' लिहून मार्क घालवतं. वयाचंही तसंच: 'मी बारा आहे' नाही, तर 'माझ्याकडे बारा वर्षं आहेत' अशी रचना, तेंगो दोसे आन्योस.

विशेषणही आपल्यासारखंच. पांढरा-पांढरी बदलतं, लाल बदलत नाही. तिकडे ब्लांको-ब्लांका बदलतं, बेर्दे (हिरवा) दोन्ही लिंगांना तेच. नपुंसकलिंग नाही, तेवढाच ताप कमी.

उच्चारात त आणि द दातांवरचे, म्हणजे आपलेच. एच मुका, व्ही आणि बी दोन्ही ब. जे मात्र घसा घासून काढलेला ह. आर एकदा की दोनदा हे महत्त्वाचं: पेरो म्हणजे 'पण', पेर्रो म्हणजे कुत्रा.

रोज_थोडं: घरच्या मदतीचं सांगते. कार्डावर शब्द कधीच सुटा लिहू देऊ नका, 'एल' (पुल्लिंग) किंवा 'ला' (स्त्रीलिंग) सकट लिहा. शेवट बघून लिंग ओळखायची युक्ती बहुतेक वेळा चालते, पण एल प्रोब्लेमा आणि ला मानो (हात) यांत फसते. मागे इंग्रजी अर्थाऐवजी चित्र. रोज दहा नवे शब्द, पंधरा मिनिटं, मोठ्याने. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास घोकून बोलण्याच्या चाचणीत काही उपयोग होत नाही.

ॲप शब्दांसाठी ठीक, क्रियापदांसाठी अपुरं. भाषांतर यंत्राला निबंध लिहायला लावला तर शिक्षकांना लगेच कळतं, कारण त्यात न शिकवलेले काळ येतात.

फळा_खडू: ॲपबद्दल थोडा मतभेद. ऐकण्याच्या सरावाला उपयोगी पडतं, फक्त ऐकलेलं वाक्य तिला परत म्हणायला लावा.

सातवीची_आई: खूप आभार. अक्षरांवरच्या खुणा राहिल्या तर मार्क जातात का? आणि टाइप कशा करायच्या?

अनुस्वार: सुरुवातीला बरेच शिक्षक सांभाळून घेतात, पुढे कापतात. नियम एकदा समजला की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत: शब्द स्वराने, एन किंवा एसने संपला तर उच्चारातला जोर शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर, नाहीतर शेवटच्यावर. नियम मोडणाऱ्या शब्दावर खूण. त्याशिवाय 'तू' आणि 'तुझा' यांसारख्या जोड्या खुणेनेच वेगळ्या होतात. एनवरची लाट मात्र कधीच विसरायची नाही, ते स्वतंत्र अक्षर आहे आणि 'वर्षं' लिहिताना ती राहिली तर भलताच अर्थ होऊन वर्गात हशा पिकतो.

फोनवर अक्षर दाबून धरा. विंडोजमध्ये अंकांच्या कीपॅडवर ऑल्ट धरून १६४ म्हणजे लाटेचा एन, १६० ए, १३० ई, १६१ आय, १६२ ओ, १६३ यू, आणि प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह १६८. शाळेचं क्रोमबुक असेल तर सेटिंग्जमध्ये 'यूएस इंटरनॅशनल' कीबोर्ड निवडा. आधी एकेरी अवतरण, मग स्वर.