तळणीचे उरलेले तेल गाळून पुन्हा वापरावे का?

वसुधा: दिवाळीच्या फराळानंतर कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल उरतेच, आणि ते विषासमान मानून फेकून द्यावे असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. तेल पूर्ण निवू द्यावे, वरचे निवळ तेल मलमलीच्या चौपदरी फडक्यातून गाळून घ्यावे, तळाचा काळा गाळ तेवढा टाकावा. असे तेल फोडणीला, थालीपिठाला आणि पुढच्या तळणीलाही चालते.

मिलिंद: फडक्यात अडकतात ते चकलीचे जळके कण. ते काढलेच पाहिजेत, कारण पुढच्या वेळी तेच आधी करपतात. मात्र उष्णता, हवा आणि पिठातील ओलावा यांमुळे तेलात जी ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने बनणारे घटक, तयार होतात, ती तेलातच विरघळलेली असल्याने कोणत्याही फडक्यातून आरपार जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून व्यावसायिकांसाठी त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ती मोजणार कशाने? एकदा तळलेले तेल गाळून रस्साभाजीला वापरावे, तेही एक-दोन दिवसांत, आणि त्यात पुन्हा तळू नये, असे हेच प्राधिकरण घरांसाठी सांगते.

वसुधा: म्हणजे गाळून वापरण्यास प्राधिकरणाचीही ना नाही! वाद उरतो तो दुसऱ्या तळणीचा. गाडीवरच्या वड्यांचे दिवसभर तापणारे तेल आणि घरी अर्ध्या तासात पुऱ्या तळून उतरवलेले तेल यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

शुभदा: काय तळले आणि कशात तळले, हे तुम्ही दोघांनीही विचारलेले नाही. पुऱ्यांचे तेल बरेच स्वच्छ राहते. तिखट-मीठ आणि रवा लावलेल्या बोंबलांचे तेल गाळूनही वास सोडत नाही, ते मी फोडणीलाही घेणार नाही. नेहमीचे करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर बिघडते. शिवाय लोखंडी कढईत तेल रात्रभर ठेवण्याची सवय वाईट, कारण लोखंडामुळे ते लवकर खवट होते. निवताच स्टीलच्या डब्यात काढून, झाकण घट्ट लावून, उजेडापासून दूर ठेवावे. तेल दाट झाले, पदार्थ सोडताच फेस भांड्याच्या कडेपर्यंत चढू लागला किंवा मंद आचेवरही धूर येऊ लागला, तर ते टाकावे. (मोरीत मात्र ओतू नये, नळी तुंबते.)

मिलिंद: ही लक्षणे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यापेक्षा लहान, खोलगट कढईत पावशेरच तेल घेतले, तर उरण्याचा प्रश्नच राहत नाही.

वसुधा: दोन किलो भाजणीच्या चकल्या पावशेर तेलात तळून पाहा. एका वेळी जेमतेम तीन मावतात, घाणे वाढत जातात, आणि तेच तेल दुपारभर आचेवर राहते.

मिलिंद: चकल्यांपुरते मान्य. रविवारच्या भज्यांना ही सबब चालणार नाही.