अभ्यासिकेतील हवेची नोंद : वर्षभर बॅटरीवर चालणारी व्यवस्था शक्य आहे का?

कोपरखैरणेकर : नमस्कार. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चोवीस तास चालणारी अभ्यासिका आहे. स्प्लिट एसी असल्याने खिडक्या बंदच असतात आणि दुपारनंतर डोके जड होते, अशी मुलांची तक्रार आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पीएम २.५ (हवेतील अतिसूक्ष्म धूलिकण) यांची नोंद क्लाउडवर ठेवावी, असे वाटते. वाय-फाय तिथे नीट पोहोचत नाही. दोन्ही मापने बॅटरीवर वर्षभर चालतील का?

घणसोलीकर : कार्बन डायऑक्साइडचे चालेल. दर दहा मिनिटांनी एक मापन घेऊन उरलेला वेळ झोपणारा सेन्सर आणि जोडीला लोरावॅन (कमी विजेवर दूरवर थोडी माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत) पुरेसे आहे, कारण पाठवायचे असतात ते जेमतेम काही बाइट. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. गेटवे, म्हणजे हे संदेश घेऊन इंटरनेटवर पाठवणारे यंत्र, इंटरनेट असलेल्या वरच्या मजल्यावर ठेवा. मात्र स्लॅबमधून सिग्नल खाली येतो की नाही, हे खरेदीपूर्वी तपासा. पीएम बॅटरीवर मोजण्याचा आग्रह मात्र सोडा. त्या सेन्सरमध्ये लेझरसमोर हवा ओढणारा छोटा पंखा असतो, आणि तो सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने वाचन स्थिरावते, म्हणून प्रत्येक मापनाला बरीच वीज लागते. तो सेन्सर मुलांच्या लॅपटॉपसाठी असलेल्या एखाद्या प्लगवरच लावावा.

ठाणे पूर्व : वरील मताशी सहमत आहे, पण खरी फसगत सेन्सर निवडताना होते. स्वस्त मॉड्यूलवर ‘ईसीओटू’ असे लिहिलेले असते. तो आकडा इतर वायूंवरून बांधलेला अंदाज असतो आणि रिकाम्या खोलीत उदबत्ती लावली तरी चढतो. कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा, म्हणजे इन्फ्रारेड किंवा फोटोअकूस्टिक प्रकारचाच घ्यावा. दुसरे असे की, यांतील बहुतेक सेन्सर काही दिवसांतील सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. बाहेर हे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असते. तुमची खोली कधीच रिकामी होत नसेल, तर सेन्सर कोंदट हवेलाच ताजी समजेल आणि पुढचे सगळे आकडे कमी दाखवील. ही स्वयंचलित सोय बंद करून अधूनमधून तो मोकळ्या हवेत नेऊन जुळवावा. पावसाळ्यात खिडकी उघडल्यास दमटपणाने फुगलेले कण पीएम वाढवून दाखवतात. म्हणून आर्द्रताही नोंदवा.

कोपरखैरणेकर : आभारी आहे. पण आकडे क्लाउडवर गेल्यावर त्यांतून नेमके काय काढायचे? नुसता आलेख तर समितीलाही दाखवता येईल.

घणसोलीकर : हवा किती वेगाने बदलते, ते काढा. साफसफाईसाठी खोली रिकामी कराल तेव्हा दारे-खिडक्या बंदच ठेवा आणि बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला कार्बन डायऑक्साइड कसा उतरतो ते पाहा. तो एका तासात ३७ टक्क्यांवर आला, तर तासाला एकदा हवा बदलते; तेवढ्यासाठी दोन तास लागले, तर निम्मीच. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे समितीपुढे एक्झॉस्ट फॅनचा विषय याच आकड्याने मांडता येईल. मग रस्त्याची धूळ आत येईल, हा आक्षेप हमखास निघणार. त्यासाठी पंखा बसवण्यापूर्वीची आणि नंतरची पीएमची चोवीस तासांची सरासरी शेजारी ठेवा. आपल्याकडील मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासून १५. सरासरी वाढलेली दिसल्यास साध्या पंख्याऐवजी फिल्टर लावून बाहेरची हवा आत घेणारा पंखा मागावा.