मदत हवी आहे: राग येताना दिसतो, पण आवरत नाही

दीड वर्षापूर्वी १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. रोज सकाळी ४० मिनिटं बसते. बैठकीत आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं) छान जमतं. घोळ होतो तो दिवसा. माझं बोलणं कुणी मध्येच तोडलं की कानशिलं तापतात, जबडा आवळला जातो. हे सगळं कळतं, मनात 'व्यापाद', म्हणजे द्वेष, अशी नोंदही होते (ध्यानात आड येणाऱ्या पाच नीवरणांची नावं तेवढी पाठ आहेत!), तरी खोचक वाक्य तोंडातून निसटतंच. श्वासावर लक्ष नेलं, तर समोरचा काय बोलतोय तेच ऐकू येईना. नंतर केलेली मैत्री भावना (समोरच्याचं भलं होवो असं मनात म्हणणं) ओढूनताणून वाटते. उठून जाणं दर वेळी शक्य नसतं. 'जास्त वेळ बसा' सोडून सांगा: बोलणं चालू असतानाच तुम्ही लक्ष नेमकं कुठे ठेवता, अंगावरच्या संवेदनेवर, श्वासावर की ओठांवर येणाऱ्या शब्दांवर?